सोसायटीच्या मॅनेजिंग कमिट्यांना खुलं पत्र: बंद फ्लॅटचा नळ, सोलरची लाइन आणि एक न्यूमोनिया

चेअरमन साहेब, सेक्रेटरी साहेब, खजिनदार आणि कमिटीतले सगळे सभासद, नमस्कार.

हे पत्र फक्त माझ्या सोसायटीच्या कमिटीला नाही, पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई, नाशिक, नागपूर, जिथे जिथे गच्चीवर टाकी आहे, सोलर आहे आणि खाली काही फ्लॅट महिनोन्महिने कुलूपबंद असतात त्या सगळ्या कमिट्यांना आहे. विषय आहे लिजनेअर्स डिसीज, म्हणजे पाइपात उभ्या राहिलेल्या कोमट पाण्यात वाढणाऱ्या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया. थोडं लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा अशी हात जोडून विनंती.

आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक काका-काकू राहायचे. मुलगा अमेरिकेत, त्यामुळे दरवर्षी चार-पाच महिने तिकडे आणि बाकी इकडे, असे प्रत्येक सोसायटीत दोन-चार तरी असतातच. मागच्या वर्षी जूनच्या शेवटी परत आले, पाऊस सुरू झाला होता, घर फेब्रुवारीपासून बंद. एवढ्या लांबच्या प्रवासाने अंग आंबलं होतं म्हणून काकांनी आल्या आल्या सोलरच्या कोमट पाण्याने चांगला वीस मिनिटं शॉवर घेतला, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. पुढच्या आठवड्यात ताप, कोरडा खोकला, जुलाब, अंग ठणकतंय, आणि मग एका रात्री ते काहीतरी असंबद्ध बोलायला लागले तेव्हा आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. न्यूमोनिया निघाला. बाराव्या दिवशी गेले. वय ७३, डायबेटिस होता, तरुणपणी सिगरेट ओढायचे. सगळे म्हणाले विमानात इन्फेक्शन झालं असणार, हवा बदलली, वय झालं होतं.

मी असं अजिबात म्हणत नाही की काकांना लिजनेअर्स डिसीजच झाला होता. ते आता कुणीच सांगू शकत नाही, कारण ती टेस्ट झालीच नाही, कुणाच्या डोक्यातच आली नाही, आणि मी स्वतः ज्याला ती यायला हवी होती तो त्या बारा दिवसांत हॉस्पिटलच्या बाहेर डबा घेऊन उभा होतो आणि मलाही सुचलं नाही. तेराव्याला काकू बोलता बोलता त्या शॉवरचं बोलल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. तोपर्यंत घरातले सगळे नळ सोडून, बाथरूम घासून झालं होतं, पाइपमध्ये जे काय होतं ते गटारात गेलं होतं.

मला सुचायला हवं होतं असं का म्हणतो ते सांगतो. मी चौदा वर्षं दुबईत एका हॉटेलच्या मेंटेनन्सला होतो. तिथे गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात सुपरवायझरने माझ्या हातात एक थर्मामीटर आणि एक रजिस्टर दिलं आणि सांगितलं की दर महिन्याला टाकीच्या सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात लांबच्या नळाचं टेंपरेचर लिहायचं, गरम पाणी सोडल्यावर एका मिनिटात पन्नासच्या वर आलं पाहिजे, बॉयलरमध्ये साठ पाहिजे, ज्या रूममध्ये गेस्ट नाही तिथले सगळे नळ आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सोडायचे, संडासाचा फ्लश ओढायचा, शॉवरची तोंडं दर तीन महिन्यांनी काढून क्षार काढून जंतुनाशकात बुडवायची. मला वाटलं कागदं रंगवायचं काम आहे. तो सुपरवायझर केरळचा, फार कमी बोलायचा, पण या एका बाबतीत तो कुणाचंच ऐकायचा नाही, ऑक्युपन्सी फुल असो, ईद असो, आमची फ्लशिंगची फेरी चुकायची नाही. शॉवर सोडताना त्याच्या तोंडाला आधी प्लास्टिकची पिशवी बांधायची, पिशवीचा खालचा कोपरा कापायचा म्हणजे पाणी धारेने खाली जातं आणि फवारा उडत नाही, हे त्यानेच शिकवलं.

मग दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक मेल आला. आमच्याकडे राहून गेलेला एक म्हातारा गेस्ट युरोपात परतल्यावर न्यूमोनियाने अॅडमिट झाला, तिथल्या डॉक्टरांनी लघवीची टेस्ट केली, लेजिओनेला निघाला, आणि तिकडे अशा पेशंटने आधीचे दिवस कुठल्या कुठल्या हॉटेलात काढले ते शोधून थेट त्या हॉटेलपर्यंत कळवायची यंत्रणा आहे. दोन दिवसांत आमच्याकडे सॅम्पल घ्यायला माणसं हजर. एवढं सगळं सांभाळूनसुद्धा एका मजल्यावर सापडलं, कुठे, तर पूर्वी तिथे बाथटब होता तो काढून टाकला होता आणि त्याची लाइन भिंतीत तशीच एंड कॅप लावून सोडली होती. हातभर पाइप. त्यात पाणी उभं होतं आणि तिथून बाजूच्या शॉवरला जात होतं. तो गेस्ट वाचला. सुपरवायझर त्या रात्री घरी गेला नाही, तो भिंत फोडून तो तुकडा कापेपर्यंत तिथेच बसून होता. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे पत्र.

आता हा आजार काय आहे ते साध्या शब्दात. लेजिओनेला नावाचा जंतू आहे, तो नदी-तळ्यात थोड्या प्रमाणात असतोच, तिथे त्याचा फारसा त्रास नाही. तो आपल्या पाइपात आला, तिथे त्याला कोमट पाणी मिळालं, हलत नसलेलं पाणी मिळालं, पाइपच्या आतला बुळबुळीत थर, गंज, क्षार मिळाला की तो वाढतो. त्या बुळबुळीत थरात अमीबा असतात, हा जंतू त्या अमीबाच्या पोटात शिरून तिथेच आपली संख्या वाढवतो, म्हणून वरवर क्लोरीन मारून तो पूर्ण जात नाही, आत लपलेला राहतो. आणि माणसाच्या फुफ्फुसात गेल्यावर तिथल्या ज्या पेशी जंतू खायला येतात त्यांच्या आतही तो हेच करतो. पाणी प्यायल्याने तो सहसा होत नाही, ठसका लागून पाणी श्वासनलिकेत गेलं तर होऊ शकतो. मुख्य रस्ता म्हणजे फवारा. शॉवर, कारंजं, जकुझी, एसीच्या मोठ्या प्लँटचे कूलिंग टॉवर, यातून जे डोळ्याला न दिसणारे थेंब उडतात ते श्वासातून आत जातात. एका माणसाकडून दुसऱ्याला तो पसरत नाही, म्हणजे पेशंटला वाळीत टाकायची काही गरज नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण कोविडमध्ये आपण काय काय केलं ते सगळ्यांना आठवतंय. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण २ ते १४ दिवस. पन्नाशीच्या पुढचे, सिगरेट ओढणारे, डायबेटिसवाले, दम्याचे-फुफ्फुसाचे पेशंट, किडनी बदललेले, केमो चालू असलेले, यांना धोका जास्त. दहातला एक पेशंट दगावतो, आणि हॉस्पिटलमध्येच लागण झाली असेल तर चारातला एक.

नाव विचित्र वाटतं त्याचं कारण म्हणजे जुलै १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड नावाच्या हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं, चार दिवसांचं, आणि घरी गेल्यावर ती माणसं एकामागून एक न्यूमोनियाने पडायला लागली. २२१ जण आजारी, ३४ गेले. त्यातले काही तर हॉटेलात उतरलेलेही नव्हते, नुसते बाहेरच्या फुटपाथवरून गेले होते. कित्येक महिने काही कळेना, विष म्हणा, नवा फ्लू म्हणा, काय काय शंका घेतल्या गेल्या, शेवटी त्या डिसेंबरच्या अखेरीस जोसेफ मॅकडेड नावाच्या शास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली तो जंतू सापडला आणि जानेवारी १९७७ मध्ये जाहीर झालं. संशय हॉटेलच्या एसी यंत्रणेवर होता. हॉटेल तोपर्यंत बंद पडलं होतं. म्हणजे पन्नास वर्षं होत आली हे कळून, आणि आपल्याकडे अजून सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा शब्द निघत नाही.

मी हॉटेलचं सांगतोय म्हणून "ते मोठ्या हॉटेलांचं झालं, आपला काय संबंध" असं म्हणू नका. न्यूयॉर्कमध्ये २०१५ च्या उन्हाळ्यात साउथ ब्राँक्स भागात १३८ जण आजारी पडले, १६ गेले, ती तिथली साधी राहणारी माणसं होती, एका हॉटेलच्या गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून ते आजूबाजूला पसरलं होतं. त्यानंतर तिथे कायदा झाला, शहरातल्या प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी करायची, ठरलेल्या मुदतीत तपासणी करायची. तरी २०२५ मध्ये सेंट्रल हार्लेममध्ये परत ११४ जणांना झाला आणि ७ गेले, आणि तेव्हा जंतू जुळले ते कुठल्या टॉवरशी, तर एक हॉस्पिटलच्या इमारतीवरचा आणि एक शहराची नवी सार्वजनिक आरोग्य लॅब बांधत होते त्या साइटवरचा. कायदा असून, आरोग्याचीच इमारत असून हे झालं. नेदरलँड्समध्ये १९९९ ला फुलांच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर विकायला म्हणून गरम पाण्याचा जकुझी चालू करून ठेवला होता, त्यात कुणी उतरलं नाही, लोक फक्त बाजूने फुलं बघत गेले, आणि ३२ माणसं गेली. अमेरिकेत लुइझियानामध्ये एका किराणा दुकानात भाजी ताजी दिसावी म्हणून बारीक फवारा मारायचं मशीन होतं, १९८९ मध्ये त्यातून ३३ जणांना झाला. आपल्याकडच्या मॉलमध्ये पालेभाजीवर असा फवारा सुरू असलेला दिसला की मी अजूनही दोन पावलं मागे सरकतो.

पण कमिटीने नीट वाचावी अशी एक केस आहे ती इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस या छोट्या गावाची. ऑगस्ट २००२. गावाच्या कौन्सिलचं एक कला केंद्र होतं, त्याचा एसी प्लँट, आणि त्यातली वाफ शेजारच्या गल्लीत निघायची. १७० च्या वर लोक आजारी पडले, ७ गेले. चौकशीत काय निघालं, तर मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट नवीन करताना त्यातला पाण्याच्या ट्रीटमेंटचा भागच राहून गेला होता. कुणी मुद्दाम वाईट केलं नव्हतं. एका कागदावर एक काम होतं ते दुसऱ्या कागदावर आलं नाही, आणि ते आलं नाही हे बघायचं काम कुणाचंच नव्हतं. कोर्टात केस उभी राहिली, कौन्सिलला आणि त्यांच्या आर्किटेक्टला दंड झाला. आपल्या कमिटीत दरवर्षी एप्रिलमध्ये काय होतं, एएमसी, म्हणजे वर्षाचं मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट, रिन्यू करायला बसतो, तीन कोटेशन येतात, सगळ्यात कमीवाल्याला देतो आणि त्याने कमी कशात केलं ते विचारत नाही. मीही कमिटीत दोन वर्षं होतो, मीही असंच सही केलेली आहे.

आता आपल्या बिल्डिंगबद्दल. काका गेल्यानंतर मी चेअरमनची परवानगी घेऊन आमच्या तीन विंगमध्ये जमेल तिथे थर्मामीटर लावून फिरलो. मे महिन्यात दुपारी थंड पाण्याच्या नळाला ३६ डिग्री. काळ्या टाक्या गच्चीवर उन्हात, डक्टमधल्या लाइनी पश्चिमेकडून तापतात, दुसरं काय होणार. हा जंतू २० ते ४५ मध्ये वाढतो आणि ३५ च्या आसपास सगळ्यात जोरात. थंड देशांत सांगतात की थंड पाणी २० च्या खाली ठेवा, दुबईत हॉटेलवाले त्यासाठी टाकीला चिलर लावतात, आपल्याला ते शक्य नाही, म्हणून आपल्या हातात ज्या गोष्टी राहतात, पाणी फिरतं ठेवणं, क्लोरीन शिल्लक ठेवणं आणि गरम पाणी खरंच गरम ठेवणं, त्यात आपल्याला जास्त काटेकोर राहावं लागेल.

आणि सोलर. सोलर मला आवडतो, वीज वाचते, तो काढा असं कुणीही म्हणू नका, मीही म्हणत नाही. पण सोलरचं पाणी उन्हाळ्यात साठच्या वर जातं आणि पावसाळ्यात चार दिवस ढग असले की ३५-४० ला येऊन तसंच राहतं. टाकीत बॅकअपची कॉइल असते, बिल येतं म्हणून तिचा एमसीबी पाडून ठेवलेला असतो, आमच्याकडे गेली सहा वर्षं पाडलेला होता. शिवाय बहुतेक सोसायट्यांत सोलरला रिटर्न लाइन नाही, वरून एक पाइप खाली आला आणि संपला, म्हणून तर खालच्या मजल्यावर गरम पाणी यायला दोन बादल्या सोडाव्या लागतात. त्या दोन बादल्या म्हणजे रात्रभर पाइपमध्ये कोमट उभं राहिलेलं पाणी. आपण त्याच्याकडे फक्त पाणी वाया जातं म्हणून बघतो. पाणी वाचवायला म्हणून लोक तेच पाणी शॉवरने अंगावर घेतात, आणि मला वाटतं इथे आपली आधीची सवय चांगली होती, ते पहिलं पाणी बादलीत घ्यायचं आणि धुण्याला-पुसायला वापरायचं. बादलीने अंघोळ करणाऱ्याला फवारा कमी लागतो हेही खरंच आहे.

वापरात नसलेल्या लाइनी तर आपल्याकडे ढिगाने. रिनोव्हेशन करताना प्रत्येक जण बाथरूमची जागा हलवतो, वॉशिंग मशीनचा पॉइंट सरकवतो, जुना पॉइंट डमी ठोकून टाइलच्या मागे गाडतो. रिनोव्हेशनची एनओसी देताना आपण बीम-कॉलमला हात लावू नका एवढंच लिहून घेतो. त्यात एक ओळ वाढवा की बंद केलेली पाण्याची लाइन मेन लाइनपासून कापायची, भिंतीत शेपूट सोडायचं नाही. एक ओळ आहे फक्त.

क्लोरीनचं म्हणाल तर महापालिकेचं पाणी येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं, नळाच्या टोकाला लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक असावं असं आपलं भारतीय मानक सांगतं. पण ते पाणी अंडरग्राउंड टाकीत पडतं, तिथून वरच्या टाकीत, तिथे ऊन, आणि आपण दोन-दोन दिवसांचा साठा करून ठेवतो, पाणीकपातीच्या भीतीने. तोवर क्लोरीन उडून जातं. टँकरच्या पाण्याला तर विचारूच नका. क्लोरीन बघायचं किट पाण्याच्या दुकानात मिळतं, दोन थेंब टाकायचे, रंग जुळवायचा, वॉचमनसुद्धा करू शकतो. मी आमच्या वरच्या टाकीत बघितलं तर रंगच आला नाही. टाकी तीन महिन्यांपूर्वीच धुतलेली होती, त्याचा स्टिकर टाकीवर होता, फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता, वीस जणांनी अंगठे दाखवले होते. टाकी धुणं चांगलंच आहे, तळाचा गाळ निघतो, ते बंद करू नका, पण टाकी धुतली म्हणजे पाइप धुतले असं नाही, आणि हा जंतू पाइपात जास्त राहतो.

दोन गोष्टी घाबरवण्यासाठी नाही तर गैरसमज टाळण्यासाठी सांगतो. घरातला साधा स्प्लिट एसी यात येत नाही, त्यात पाण्याचा फवारा नसतो. आणि प्यायच्या पाण्याची नेहमीची लॅब टेस्ट, ज्यात ई-कोलाय बघतात, तिचा रिपोर्ट चांगला आला याचा लेजिओनेलाशी काही संबंध नाही, तो त्या टेस्टमध्ये दिसतच नाही, त्याला वेगळं खाद्य घालून लॅबमध्ये दहा दिवसांच्या आसपास वाढवून बघावं लागतं. म्हणून "आपला वॉटर रिपोर्ट नॉर्मल आहे" हे उत्तर कृपया देऊ नका.

मग करायचं काय. एक माणूस ठरवा, प्लंबर नाही, सोसायटीचा मॅनेजर किंवा कमिटीतला एक, ज्याचं नाव ठरावात लिहिलेलं असेल, आणि त्याला एक वही द्या. त्या वहीत आठवड्याला लिहायचं की कुठले फ्लॅट बंद आहेत आणि तिथले नळ कुणी सोडले. चावी सोसायटीकडे नसेल तर निदान मालक परत यायच्या आधी त्याला मेसेज गेला पाहिजे, की घरी आल्यावर खिडक्या उघडा, शॉवरचं तोंड काढा किंवा पिशवी बांधा, गरम-थंड दोन्ही पाच-पाच मिनिटं सोडा, कमोडचं झाकण बंद करून फ्लश दोन-तीनदा ओढा, आणि म्हातारी माणसं, आजारी माणसं त्या वेळी बाथरूममध्ये नकोत. हा मेसेज काकांना गेला असता तर... जाऊ दे. महिन्याला एकदा प्रत्येक विंगच्या वरच्या आणि खालच्या एका फ्लॅटमध्ये गरम पाण्याचं टेंपरेचर. पावसाळ्यात सोलरचा बॅकअप चालू, टाकी साठपर्यंत तापली पाहिजे, कारण साठला हा जंतू काही मिनिटांत मरतो आणि पन्नासला तास-दोन तास लागतात. बिल वाढेल, ते एजीएममध्ये समोर ठेवा, लोक विचारतील तर काकांचं सांगा. साठ डिग्रीचं पाणी भाजतं, त्यामुळे लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात आधी थंड नळ मग गरम नळ हे सांगावं लागेल, जमेल तिथे टेंपरेचर कंट्रोलवाला मिक्सर. शॉवरची जाळी तीन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात क्षार जाईपर्यंत ठेवा आणि मग जंतुनाशकाने वेगळी धुवा, दोन्ही एकत्र कधीही करू नका, व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आलं की विषारी वायू होतो.

क्लबहाउसवाल्या मोठ्या सोसायट्यांना वेगळं सांगतो. लॉबीतलं कारंजं गणपतीत आणि दिवाळीत चालू करायचं आणि बाकी वर्षभर त्यात पाणी तसंच ठेवायचं, हे थांबवा, चालवायचं असेल तर रोज चालवा आणि क्लोरीन ठेवा, नाहीतर रिकामं करून सुकवा. जकुझी असेल तर तो स्विमिंग पूलपेक्षा जास्त काळजीचा विषय आहे, कारण पाणी नेमकं त्याच्या आवडीच्या तापमानाचं आणि वर बुडबुडे. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं, पाणी बागेला जरूर वापरा पण स्प्रिंकलरने हवेत उडवू नका, ठिबक करा. आणि जो प्लंबर किंवा वॉचमन हे सगळे बंद नळ सोडायला जाणार आहे त्याला एन-९५ मास्क द्या, त्याचं फुफ्फुसही आपल्यासारखंच आहे, आणि नेमका तोच माणूस कुठल्याही सर्क्युलरमध्ये नसतो.

डॉक्टरांबद्दल, मी डॉक्टर नाही, पण चौदा वर्षं या एका जंतूचं प्रशिक्षण दरवर्षी घेतलंय म्हणून एवढं सांगतो. घरात कुणाला न्यूमोनिया झाला आणि त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत तो बंद घर उघडून राहायला गेला असेल, हॉटेल-रिसॉर्टला जाऊन आला असेल, हॉस्पिटलमध्ये राहून आला असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ताप आणि खोकल्याबरोबर जुलाब, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वागणं असेल तर जास्तच. पेनिसिलिनच्या घराण्यातली नेहमीची अँटिबायोटिक्स या जंतूवर चालत नाहीत, कारण तो पेशीच्या आत बसलेला असतो आणि ती औषधं तिथे पोचत नाहीत, अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं, आणि ते लवकर सुरू झालं तर माणूस वाचतो. लघवीची अँटिजेन टेस्ट आहे, पटकन होते, पण ती या जंतूचा एकच मुख्य प्रकार पकडते, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी संशय असेल तर डॉक्टर बेडक्याची पीसीआर किंवा कल्चर करू शकतात. ठरवायचं डॉक्टरांनीच, आपलं काम फक्त माहिती देणं. काकांच्या वेळी आम्ही केस पेपरवर "अमेरिकेहून आले" एवढं लिहिलं, आणि पाच महिने बंद घराचं पाणी लिहिलं नाही.

मला माहितीये कमिटीचं काम बिनपगारी आहे, रात्री नऊ वाजता ऑफिसमधून येऊन लिफ्टची, पार्किंगची, लीकेजची भांडणं मिटवायची आणि वरून शिव्या खायच्या. त्यात आणखी एक काम मी तुमच्या गळ्यात घालतोय. पण लिफ्टचं इन्स्पेक्शन, फायरचं ऑडिट आपण करतो कारण ते कागद कुणीतरी मागतं. पाण्याचं टेंपरेचर आपल्याकडे कुणी मागत नाही, म्हणून ते तुम्ही स्वतःहून मागावं असं मला मनापासून वाटतं. थर्मामीटर, क्लोरीनचं किट आणि एक शंभर पानी वही, यात फार मोठा खर्च नाही, सिंकिंग फंडाला हात लावायची गरज नाही. सप्टेंबरच्या आत एजीएम होते तेव्हा अजेंड्यावर हा एक विषय घ्या. कुठल्या कमिटीला प्रत्यक्ष दाखवून हवं असेल तर मी येईन, रविवारी मोकळा असतो, पैसे नकोत.

काकू आता नाशिकला मुलीकडे असतात. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट परत बंद आहे. चावी त्यांनी माझ्याकडे ठेवली आहे. दर शनिवारी सकाळी मी आणि वॉचमन वर जातो, खिडक्या उघडतो, शॉवरला पिशवी बांधतो, पाच मिनिटं पाणी सोडतो, ते बादल्यांमध्ये धरून खाली कुंड्यांना घालतो आणि वहीत तारीख टाकतो. आत्तापर्यंत एकही शनिवार चुकलेला नाही. दिवाळीत काकू चार दिवस राहायला येणार आहेत.

आपला,
तुमच्यातलाच एक सभासद
सिंहगड रोड, पुणे